थेरपीचे तास मोजून काय कळतं?

ऑटिझमचं निदान झालेल्या मुलाच्या आईवडिलांना पहिल्या काही दिवसांतच एक आकडा ऐकवला जातो. आठवड्याला वीस तास थेरपी. कुणी पंचवीस सांगतं, कुणी थेट चाळीस. त्याला जोडूनच येतं, ‘आत्ताच सुरू करा, वय निघून गेलं की काही करता येत नाही.’ घाबरलेले पालक तो आकडा प्रमाण मानतात. दोघांपैकी एकाची नोकरी सुटते, बहुतेक वेळा आईचीच. साठवलेले पैसे संपतात, भावंडाकडे बघायला कुणाला वेळ उरत नाही आणि तीन वर्षांचं मूल मोठ्या माणसाच्या नोकरीइतके तास टेबलाशी बसून काढतं. एवढं सगळं ज्याच्या जोरावर चालतं तो आकडा आला कुठून आणि आजचं संशोधन त्याला दुजोरा देतं का, हे पालकांना सांगितलं गेलं पाहिजे. माझ्या मते देत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की, ‘फरक पडला’ हे आपण ज्या गोष्टींवरून ठरवतो त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा त्या मुलाला स्वतःला काहीच उपयोग नसतो.

चाळीस तासांचं मूळ १९८७ सालच्या एका अभ्यासात सापडतं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांनी चार वर्षांच्या आतल्या १९ मुलांना दोन किंवा अधिक वर्षं, आठवड्याला ४० तास वर्तनाधारित प्रशिक्षण दिलं. एका मुलामागे एक शिकवणारा. कौशल्याचे बारीक तुकडे करायचे, सूचना द्यायची, मुलानं बरोबर केलं की बक्षीस द्यायचं, की लगेच पुढची सूचना. आज एबीए (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस) या नावानं जे ओळखलं जातं त्याचं हे सगळ्यात गाजलेलं रूप. १९ पैकी ९ मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पास झाली आणि त्यांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण पातळीवर आला, असं लोवास यांनी मांडलं. तुलनेसाठी घेतलेल्या ४० मुलांत असं एकच मूल निघालं.

या निष्कर्षानं त्या काळी केवढा धीर दिला असेल, हे विसरून चालणार नाही. त्याच्या वीस वर्षं आधी ब्रूनो बेटलहाइम यांच्यासारखे प्रतिष्ठित मानसतज्ज्ञ आईच्या थंड वागण्यामुळे मूल असं होतं म्हणून सांगत होते. एका पिढीतल्या आयांनी तो डाग घेऊन आयुष्य काढलं. अशा वेळी ‘दोष तुमचा नाही, मूल शिकू शकतं, आणि कसं शिकवायचं ते आम्ही दाखवतो’ असं म्हणणारा माणूस पालकांना देवासारखा वाटला तर नवल नाही. मुलांना संस्थेत ठेवून द्यायच्या काळात ही मुलं शिकू शकतात हे ठामपणे मांडलं गेलं, याचं श्रेय त्या कामाला द्यायलाच हवं.

पण अभ्यास म्हणून त्यात उणिवा होत्या. कोणतं मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. शिकवणारी माणसं उपलब्ध आहेत की नाहीत यावर ते ठरलं. पद्धतीत मोठ्यानं ‘नाही’ म्हणून दरडावणं आणि मांडीवर चापट मारणंही होतं. आजच्या बहुतेक कार्यक्रमांनी ते सोडून दिलं आहे, पण त्या निकालात त्याचा वाटा किती होता हे वेगळं काढता येत नाही. आणि यशाची व्याख्या होती बुद्ध्यांक व शाळेतली इयत्ता. २००० साली याच धर्तीच्या प्रशिक्षणाचा २८ मुलांवर अभ्यास झाला, तेव्हा गट सोडत पद्धतीनं पाडलेले होते. प्रशिक्षण घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यांक तुलनेच्या गटापेक्षा वाढला. रोजच्या जगण्यातली कौशल्यं आणि त्रासदायक वागणं यांत मात्र दोन गटांत फरक दिसला नाही. परीक्षेत गुण वाढले आणि घरातलं जगणं होतं तिथेच राहिलं, याला यश म्हणायचं का, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

पुढे टेबलाऐवजी खेळातून, मुलाच्या आवडीचा धागा पकडून शिकवणाऱ्या पद्धती आल्या. त्यांतल्या अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेलचा ४८ मुलांवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत थेरपी घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी १७.६ गुणांनी वाढला, इतरांचा ७ गुणांनी. मग त्याच पद्धतीचा तीन ठिकाणी मिळून ११८ मुलांवर अभ्यास झाला, २०१९ साली निकाल आला. भाषेत फायदा दिसला, पण एकूण विकास, ऑटिझमची तीव्रता आणि रोजची कौशल्यं यांत दोन गट सारखेच निघाले. या क्षेत्रात हे वारंवार घडतं. पद्धत शोधणाऱ्यांनी थोड्या मुलांवर केलेला पहिला अभ्यास डोळे दिपवतो, मग मोठा अभ्यास येतो आणि आकडे खाली येतात. माहितीपत्रकावर मात्र पहिलाच आकडा राहतो.

तासांचंही तसंच. २०२१ साली ८७ लहान मुलांवर एक सरळ प्रयोग झाला. काहींना आठवड्याला १५ तास, काहींना २५ तास. काहींना डेन्व्हर पद्धत, काहींना वर्तनाधारित. वर्षभरानंतर एकूण पाहता ना तासांमुळे फरक पडला होता, ना पद्धतीमुळे. २०२४ साली १४४ अभ्यास आणि ९,०३८ मुलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हाही तास, महिने किंवा एकूण थेरपीचं प्रमाण वाढल्यानं परिणाम वाढतो असं दिसलं नाही. एकत्रित विश्लेषणाला मर्यादा असतात. वेगवेगळ्या अभ्यासांतली मुलं वेगळी, मोजण्याची साधनं वेगळी. एखाद्या मुलाला जास्त वेळ दिल्यानं खरोखर जास्त मिळतही असेल. पण चाळीस तास झाले नाहीत तर मुलाचं आयुष्य वाया जाईल, असं कुणा पालकाला सांगण्याइतका पुरावा आज कुणाकडेही नाही. तरीही तसं सांगितलं जातं, आणि भीती घालून तास विकले जातात. हे थांबलं पाहिजे.

इथे एक प्रश्न हमखास येतो. पालक म्हणतात, आमच्या डोळ्यांसमोर मूल सुधारलं, मग अभ्यास काहीही म्हणोत. या पालकांचं निरीक्षण खोटं नसतं. मूल खरंच बदललेलं असतं. पण ते कशामुळे बदललं, हे नुसतं बघून कळत नाही आणि याचा सगळ्यात बोलका दाखला सिक्रेटिनचा आहे. पचनसंस्थेतलं हे संप्रेरक एका तपासणीसाठी दिल्यावर तीन मुलांच्या बोलण्यात आणि नजर देण्यात सुधारणा झाली, असं १९९८ साली प्रसिद्ध झालं. मागणी इतकी वाढली की हजारो मुलांना ते टोचलं गेलं. १९९९ साली ६० मुलांवर नीट चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते पालकांना माहीत नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. पुढच्या चार आठवड्यांत दोन्ही गटांतली मुलं थोडी थोडी सुधारली, सारखीच. मिठाच्या पाण्यानं जेवढं झालं तेवढंच औषधानं. निकाल कळल्यानंतरही त्यातल्या ६९ टक्के पालकांनी आपल्याला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे असं सांगितलं. नंतर एकूण १६ चाचण्या झाल्या, कशातच काही हाती लागलं नाही.

त्या पालकांना भोळे म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. लहान मूल तसंही वाढतच असतं. आपण मदत मागायला जातो ते बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत, त्यामुळे त्यानंतरचे दिवस बरेच दिसतात. त्यात मन आसुसलेलं असतं. मीही त्यांच्या जागी तसंच बघितलं असतं. म्हणून तर तुलनेचा गट लागतो आणि मोजणारा माणूस बाहेरचा, गट माहीत नसलेला लागतो. ऑटिझमच्या थेरपीत ही अट फार कमी वेळा पाळली गेली आहे. शिकवणारेच मोजतात, नाहीतर थेरपी घेतोय हे ठाऊक असलेले पालक प्रश्नावली भरतात. शिवाय जे शिकवलं तेच मोजलं जातं. ‘चेंडू दाखव’ म्हटल्यावर त्या खोलीत, त्या ताईंसमोर, त्या लाल चेंडूकडे बोट दाखवता आलं, की तक्त्यावर ८० टक्के लिहून कौशल्य पूर्ण झाल्याची खूण होते. त्याच मुलाला घरी तहान लागली तर सांगता येतं का, हे त्या तक्त्यात नसतं. २०२३ साली २५२ अभ्यास आणि १३,३०४ मुलांची माहिती एकत्र केलेला आढावा प्रसिद्ध झाला. कडक निकष लावल्यावर त्यात खेळातून, रोजच्या प्रसंगांतून शिकवणाऱ्या पद्धती सगळ्यात टिकून राहिल्या. भाषा आणि संवाद यांत त्यांचा फायदा दिसला, माफक पण खरा. बाकी बऱ्याच पद्धतींच्या बाबतीत विश्वासार्ह अभ्यासच इतके थोडे की होकार देता येत नाही आणि नकारही देता येत नाही.

काही पद्धतींना मात्र स्पष्ट नकार दिला पाहिजे. शरीरातले धातू काढण्याच्या नावाखाली दिलेल्या औषधानं २००५ साली अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला. आणि ‘सहाय्यित संवाद’ म्हणजे फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन. यात न बोलणाऱ्या मुलाचा हात किंवा कोपर मदतनीस धरतो आणि मूल अक्षरांच्या पाटीवर टाइप करतं. जे मूल कधी बोललं नाही ते अचानक कविता लिहू लागतं, आईला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं सांगतं. कोणत्या आईला हे हवंसं वाटणार नाही? १९९०च्या दशकात याच्या चाचण्या झाल्या त्या अगदी साध्या होत्या. मुलाला एक चित्र दाखवायचं आणि मदतनिसाला, त्याच्या नकळत, दुसरं. मुलासमोर किल्ली, मदतनिसासमोर कप. पाटीवर काय उमटतं? कप. पुन्हा पुन्हा मदतनिसानं पाहिलेलंच उमटत गेलं. मदतनीस लबाडी करत नव्हते, त्यांना स्वतःलाही ते कळत नव्हतं. पण त्या पाट्यांवरून आईवडिलांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, मुलं घरातून काढून नेली गेली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनं १९९४ साली या पद्धतीला वैज्ञानिक आधार नाही असा ठराव केला. तरी ती नवी नावं घेऊन परत येते. यातलं सगळ्यात मोठं नुकसान मला असं वाटतं की, त्या मुलाला स्वतःचं काही म्हणायचं असेल तर त्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालून त्याची वाटच बंद केली जाते.

कारण खरी वाट अस्तित्वात आहे. चित्रकार्डं, टॅबलेटवरची चित्रांची पाटी, बटण दाबलं की शब्द उच्चारणारं यंत्र, अशा बोलण्याला पूरक किंवा पर्यायी साधनांना थेरपिस्ट एएसी म्हणतात. इथे बोट मुलाचं, निवड मुलाची, हात कुणी धरलेला नाही. २०१४ साली पाच ते आठ वर्षांच्या, जवळजवळ न बोलणाऱ्या ६१ मुलांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांना खेळातून संवादाची थेरपी मिळाली, निम्म्यांना त्यात बोलणारं यंत्रही दिलं. यंत्र मिळालेल्या मुलांनी स्वतःहून अधिक बोलायला सुरुवात केली. पाच वर्षांपर्यंत बोललं नाही तर पुढे आशा नाही, हे घराघरांत मुरलेलं मत यानं खोटं पडतं. आणि तरीही अजून कितीतरी ठिकाणी ‘यंत्राची सवय लागली तर बोलणार नाही’ असं सांगून मुलाला वर्षानुवर्षं मुकं ठेवलं जातं. संशोधनात या भीतीला आधार सापडलेला नाही. मला विचाराल तर, न बोलणाऱ्या मुलाच्या कार्यक्रमात पहिल्या महिन्यात एएसी नसेल तर बाकी कार्यक्रम कितीही तासांचा असो, तो अपुरा आहे.

आता एक वेगळ्या धाटणीचा कार्यक्रम जवळून बघू. यात थेरपिस्ट मुलाला शिकवतच नाही. आई आणि मूल दहा मिनिटं खेळतात, त्याचं चित्रीकरण होतं, मग आई आणि थेरपिस्ट ते एकत्र बघतात. मूल गाडी उलटी धरून चाक फिरवतंय. आई विचारते, ‘गाडी कुठल्या रंगाची? सांग ना. गाडी कशी जाते? अशी फिरव बरं.’ मूल पाठ करून बसतं. थेरपिस्ट तिथे चित्र थांबवतो आणि मागे नेतो. पाठ करण्याच्या आधी, अगदी क्षणभर, मुलानं चाकावरून आईकडे बघितलेलं असतं. आई प्रश्नांच्या नादात असल्यामुळे तिला ते दिसलेलंच नसतं. पुढच्या वेळी ती प्रश्न विचारत नाही. शेजारी बसते, चाकाकडे बघते, मुलानं फिरवलं की म्हणते, ‘फिरतंय!’ आणि थांबते. हे थांबणं शिकायला सगळ्यात जड जातं. मग मूल बघतं, चाक तिच्यापुढे सरकवतं, कधी आवाज काढतं. संवाद तिथून सुरू होतो, मुलाच्या बाजूनं.

ही पॅक्ट नावाची पद्धत. ब्रिटनमध्ये १५२ मुलांवर तिचा अभ्यास झाला, २०१० साली निकाल आला तेव्हा आईमुलातला संवाद वाढलेला दिसला, पण ऑटिझमच्या लक्षणांत म्हणावा असा फरक नव्हता. अनेकांनी तिला तिथेच निकालात काढलं. सुमारे सहा वर्षांनी त्यांतली १२१ मुलं पुन्हा तपासली, तपासणाऱ्यांना गट माहीत नव्हते. थेरपी मिळालेल्या गटात तीव्र लक्षणं असलेली मुलं ४६ टक्के होती, दुसऱ्या गटात ६३ टक्के. चमत्कार नाही, चिंता आणि वागण्यातल्या अडचणींवर परिणाम दिसला नाही, हेही त्या संशोधकांनी लपवलं नाही. पण लहानपणीच्या कुठल्याही ऑटिझम थेरपीचा इतका लांबचा, इतक्या काटेकोरपणे मोजलेला परिणाम क्वचितच दिसला आहे. आणि त्याला आठवड्याला चाळीस तास लागले नव्हते. तज्ज्ञाशी भेट सुरुवातीला पंधरवड्यातून एकदा होती, बाकी रोज अर्धा तास घरीच. गोवा आणि रावळपिंडी इथे याच पद्धतीत बदल करून, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांकडून ६५ मुलांच्या घरी ती राबवली गेली. २०१६ सालच्या त्या निकालातही पालकांचं मुलाला प्रतिसाद देणं आणि मुलाचं स्वतःहून संवाद साधणं वाढलेलं दिसलं. जिथे थेरपिस्ट मोजके आणि मुलं हजारोंनी, तिथे सरकारांनी पैसा कुठे घालायचा याचं उत्तर मला या दिशेनं दिसतं. फक्त यात आईवर आणखी एक नोकरी लादली जाणार नाही, वडील आणि बाकीचं घर त्यात उतरेल, एवढं बघावं लागेल.

आता उद्दिष्टांकडे येतो, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. ‘नजरेला नजर देतो का’, ‘हात शांत ठेवतो का’, ‘जागेवर बसतो का’ ही थेरपीच्या आराखड्यांत वर्षानुवर्षं चालत आलेली उद्दिष्टं आहेत. आज प्रौढ झालेली, लिहू-बोलू शकणारी ऑटिस्टिक माणसं सांगतात की नजर देताना आम्हाला समोरच्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं; हात हलवल्यानं आम्ही शांत होतो. मग ही उद्दिष्टं कोणासाठी? बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, यांनी २०१२ साली मांडलं की न समजणं दोन्हीकडून असतं. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत, तसा इतरांनाही तो कळत नाही. २०२० साली याचा एक छान प्रयोग झाला. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या, पहिल्याला एक गोष्ट सांगितली, त्यानं पुढच्याला, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. संवादाची सगळी दुरुस्ती एकाच बाजूनं करायची, हे गृहीतक इथे कोसळतं.

आणि लपवण्याची किंमत मोजावी लागते. आपलं वेगळेपण सतत दाबून, इतरांसारखं दिसण्याच्या धडपडीचा संबंध प्रौढ ऑटिस्टिक माणसांमधल्या नैराश्याशी आणि आत्महत्येच्या विचारांशी आढळला आहे. जो कार्यक्रम मुलाला चार वर्षांचं असल्यापासून हे दाबणं शिकवतो आणि त्याला प्रगती म्हणतो, त्यानं या परिणामाचा हिशेब द्यायला नको का? हा हिशेब कुणी ठेवतच नाही. लहान मुलांच्या ऑटिझम थेरपीवरचे १५० अभ्यास २०२१ साली तपासले गेले, तेव्हा त्यातल्या फक्त ११ अभ्यासांत दुष्परिणामांचा नुसता उल्लेख तरी होता. सर्दीच्या गोळीवरही दुष्परिणाम छापावे लागतात. मुलाचं बालपण व्यापणाऱ्या कार्यक्रमाला ही सूट मिळते.

इथवर वाचून एखादी आई रागावली असेल तर मी समजू शकतो. तिचं मूल डोकं भिंतीवर आपटतं, रात्र रात्र झोपत नाही, दार उघडं दिसलं की रस्त्यावर धावत सुटतं. तिला कुणी ‘आहे तसं स्वीकारा’ म्हटलं तर ते तिच्या जखमेवर मीठ आहे. अशा मुलाला मदत लागते, आणि प्रभावी मदत आहे. आधी दुखणं शोधायचं: दात, कान, बद्धकोष्ठ, आम्लपित्त. जे मूल सांगू शकत नाही त्याचं दुखणं त्याच्या वागण्यातूनच बाहेर पडतं आणि ‘ऑटिझममुळे असेल’ म्हणून तपासलं जात नाही. मग ते वागणं कशासाठी आहे हे बघायचं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखवलं की, मुलांना काम अवघड झाल्यावर मदत मागायला किंवा लक्ष वेधायला शब्द शिकवले, तर त्रासदायक वागणं झपाट्यानं कमी होतं. हे ज्ञान वर्तनविज्ञानातूनच आलेलं आहे, एबीएच्याच घराण्यातलं. म्हणून ‘एबीए चांगलं की वाईट’ या भांडणात मला फारसा रस नाही. त्याच शास्त्रातून एक थेरपिस्ट मुलाला ‘थांब’ म्हणायला शिकवतो आणि दुसरा मुलानं थांब म्हटलेलं दुर्लक्षून वीस वेळा तेच करवून घेतो. पहिला मला हवा आहे, दुसरा नको. औषधांचंही असंच नेमकं बोलावं लागेल. रिस्पेरिडोन या मनोविकारांवरच्या औषधानं तीव्र चिडचिड आणि आक्रमकता कमी होते. २००२ सालच्या १०१ मुलांवरच्या चाचणीत आठ आठवड्यांत ६९ टक्के मुलांना गुण आला, नकली गोळीनं १२ टक्के मुलांना. वजनही वाढलं, सरासरी २.७ किलो. ऑटिझम कमी करणारं औषध मात्र आजपर्यंत एकही सिद्ध झालेलं नाही. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाची मोठी चाचणी २०२१ साली फसली, ब्युमेटानाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या चाचण्याही त्याच वर्षी थांबवल्या.

म्हणून थेरपी सुरू करताना आठवड्याला किती तास, याऐवजी पालकांनी केंद्राला दुसरंच काही विचारावं असं मला वाटतं. सहा महिन्यांनी माझं मूल घरात काय करू शकेल जे आज करू शकत नाही? ते कोण मोजणार? नाही जमलं तर तुम्ही काय बदलाल? मुलाला नको असेल तेव्हा ते कसं सांगेल, आणि सांगितल्यावर तुम्ही थांबाल का? सेशनच्या वेळी मला आत बसता येईल का? शेवटच्या दोन प्रश्नांना ‘नाही’ उत्तर देणाऱ्या ठिकाणाहून मूल उचलून घरी आणावं, मग त्यांची कीर्ती केवढीही असो.

आणि एक मोठी रिकामी जागा उरते, मोठ्या माणसांची. संशोधनाचा, पैशाचा, चर्चेचा बहुतांश भाग सहा वर्षांच्या आतल्या मुलांभोवती आहे. ऑटिस्टिक माणूस मात्र त्यानंतर अनेक दशकं जगतो. किती जगतो हेही पुरेसं भेदक आहे. स्वीडनमधल्या २७ हजारांहून जास्त ऑटिस्टिक लोकांच्या नोंदींवरून २०१६ साली दिसलं की त्यांच्यातल्या मृतांचं सरासरी वय ५४ होतं, तुलनेतल्या इतरांचं ७०. बौद्धिक अक्षमताही असलेल्यांचं ४०च्या आसपास, आणि त्यांच्या मृत्यूमागे अपस्मारासारखे आजार ठळक होते. बौद्धिक अक्षमता नसलेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांच्या कितीतरी पट होतं. फ्लॅशकार्डवरच्या रंगांची नावं शिकवून हे आकडे हलणार नाहीत. त्यासाठी ऑटिस्टिक माणसाचं दुखणं ऐकून घेणारे डॉक्टर, त्याच्या चिंतेवर त्याला समजेल अशा रीतीनं केलेले मानसोपचार आणि काम लागेल. यातल्या चिंतेवरच्या, ऑटिझमसाठी बदल करून घेतलेल्या मानसोपचारांचे चांगले निकाल चाचण्यांतून आलेले आहेत. कामाबद्दल अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एक प्रयोग झाला. शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या ऑटिस्टिक तरुणांना थेट रुग्णालयात प्रत्यक्ष कामावर नेलं, सोबत ऑटिझम कळणारा मार्गदर्शक दिला, कामाच्या जागी लागतील ते बदल केले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात या गटातल्या २४ पैकी २१ जणांना नोकरी मिळाली होती. नेहमीची शाळा पूर्ण केलेल्या गटात १६ पैकी एकाला. अभ्यास छोटा आहे आणि तो इतरत्र पुन्हा करून बघायला हवा. पण त्यात मोजलं काय, ते बघण्यासारखं आहे: नोकरी लागली की नाही. त्या तरुणांनी मुलाखतीत नजरेला नजर दिली का, हे कुणी लिहून ठेवलं नाही. शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ऑटिस्टिक तरुणासाठी असा एक कार्यक्रम असावा आणि त्यासाठीची तरतूद, लहान मुलांच्या तासांना हात न लावता, वेगळी असावी, ही माझी मागणी आहे.